दक्षिणेच्या समोरची दिशा

बहमन ८, फसली १३५३. येडशी
(इंग्रजी डिसेंबर १९४३. पण निजाम सरकारचं मीठ खाल्लेल्या मास्तरानं सरकारी तारीख घालावी.)

जलीलमियाँ टपालात आहेत आणि भिंतीपलीकडचे आमचे शेजारी. आज डाक वाटून ते सरळ ओट्यावर येऊन बसले आणि तोंडात पान ठेवून काहीतरी बोलले. हा माणूस पूर्वी किती स्वच्छ बोलायचा! आता सगळं पानात. मी तीनदा 'काय?' म्हटलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून कागदच काढून हातात दिला.

येडशीत मुलींची शाळा निघते आहे. एक मास्तरीण पाहिजे. मराठी सहावी पास, उर्दू कामापुरती. पुढच्या महिन्यात, इस्फंदारमध्ये, उस्मानाबादला तालीम म्हणजे शिक्षण खात्याच्या कचेरीत मुलाखत.

माझी बायको कमल माहेरची बार्शीची, म्हणजे इंग्रजी हद्दीतली. तिकडेच ती सहावी झाली. मी कागद वाचून तिच्याकडे बघितलं, तर ती आधीच माझ्याकडे बघत होती.

मी स्वतः इथल्या मुलांच्या शाळेत नऊ वर्षं मास्तर. सध्या घरी आहे. कारण एकदा लिहून टाकतो. जूनमध्ये मला मुदतीचा ताप आला, एकवीस दिवस. उठलो, शाळेत जाऊ लागलो. पुढे तपासणीला साहेब आले. हैदराबादी उर्दू, त्यात मिशा एवढ्या की ओठच दिसत नव्हते. त्यांनी काही विचारलं, मी म्हणालो, 'जी, चौंतीस साल.' त्यांनी म्हणे हजर मुलांची संख्या विचारली होती. माणसानं मिशा कापाव्यात! तर नाही, मलाच हुकूम आला की सरकारी डॉक्टरकडून कानांचं सर्टिफिकेट आणा, तोवर रजेवर राहा. माझ्या कानांना काय धाड भरली आहे? मी गेलो नाही. जाणारही नाही.

भूमच्या दादांचा, माझ्या थोरल्या भावाचा, निरोप आला आहे की संक्रांतीनंतर दोघं इकडेच या. दादा प्रेमळ आहेत. पण कमलनं दुसऱ्याच्या चुलीपुढं उभं राहावं आणि मी माडीवर पेपर वाचत बसावं, हे मला सहन होणार नाही. ही नोकरी तिला मिळायलाच पाहिजे.

बहमन १०

आज तालीम सुरू केली. मी खुर्चीवर, म्हणजे साहेब. कमल समोर उभी, म्हणजे उमेदवार. मी तीन मुलाखती दिलेला माणूस आहे. काय विचारतात ते मला पाठ आहे.

मी भारदस्त आवाजात म्हणालो, "आपकी तारीफ?"

ती लाजून पदराशी खेळू लागली. "माझी तारीफ म्या कशी करू? तुमी करा की."

मी समजावलं की उर्दूत याचा अर्थ 'आपण कोण, स्वतःविषयी सांगा' असा. ती म्हणाली, "मग तसंच इचारावं की त्यांनी." नमुना म्हणून मीच तिच्या वतीनं बोललो. नाव कमलबाई, सहावी पास, वाचन उत्तम, अक्षर मोत्यासारखं, हिशेबात चूक नाही, आजाऱ्याची शुश्रूषा करण्यात हात धरणारं कोणी नाही, एकवीस दिवस पाठ टेकली नाही... बोलता बोलता लक्षात आलं की ती खाली बघते आहे आणि मी फारच बोललो. पुढचा प्रश्न घेतला.

"आपका दौलतखाना?"

"कसली दौलत? एक कणगी हाय, ती बी निम्मी."

दौलतखाना म्हणजे घर. उत्तर द्यायचं, 'जी, मेरा ग़रीबख़ाना येडशी में है.' तर म्हणे, "गरीब कशाला म्हणायचं? आपलं घर चांगलं हाय." हिला अदब शिकवणं सोपं नाही.

बहमन ११

मोठीच अडचण निघाली. मीही किती बावळट! अकरा वर्षांच्या संसारात हे ध्यानात येऊ नये?

मी विचारलं, "शौहर का नाम?" ती गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही सगळ्यांचीच रीत. ते मला ठाऊक आहे. पण अर्जात लिहिलं असलं तरी कचेरीत हा प्रश्न तोंडी विचारतातच. म्हटलं, एकदाच घे. "न्हाय." उखाण्यात घे. "सायबापुढं उखाना?" मग काय करणार? "तुमाला आवूक्ष कमी पडंल त्याचं काय?"

आणि एवढ्यावर थांबलं नाही. मी भूगोलाकडे वळलो. "चार दिशा सांग."

"पूर्व, पश्चिम, दक्षिण..." आणि थांबली.

"आणि?"

"आन् दक्षिणेच्या समूरची."

माझ्या नावात तो शब्द आहे ना! आता आठवतं, ही कधी 'उत्तर' म्हणतच नाही. पत्राचं उत्तर म्हणजे 'जवाब'. गावाच्या उत्तरेचा ओढा म्हणजे 'वरल्या अंगाचा वढा'. मुलींना काय शिकवणार, दक्षिणेच्या समोर हिमालय आहे? मी हसलो, मग रागावलो, मग पुन्हा हसू आलं.

बहमन १५

कमलनं चांगली युक्ती काढली आहे. अक्षर वळणदार राहावं म्हणून ती आता घरात साध्यासाध्या गोष्टी पाटीवर लिहून मला दाखवते. 'जेवायला चला.' 'दूध आले.' 'दारात कोणी हाक मारते आहे.' मी र्‍हस्वदीर्घ तपासतो. तिला सराव आणि मला काम. शिवाय पाटी दाखवताना खांद्याला हात लावते, तेही वाईट नाही.

आगगाडीची शिट्टी हल्ली फार बारीक झाली आहे. लढाईमुळे कोळसा हलका येत असेल. जलीलमियाँना तसं म्हणालो. ते म्हणाले, होय. की नाही म्हणाले? पान!

बहमन १९

आजचा प्रश्न, 'तुमच्यातला एखादा दोष सांगा.' हा मला बीडच्या मुलाखतीत विचारला होता. तेव्हापासून मी त्याचं उत्तर घोटून ठेवलं आहे. दोष असा सांगायचा की तो गुण वाटावा. मी कमलला म्हणालो, सांग की काम करताना मला जेवणाचं भान राहत नाही.

"खोटं. मला भूक लागली की म्या पयली जेवती."

"मग काय सांगशील?"

"हट्टी हाय म्हणून सांगीन."

"असं कोणी सांगतं का? नोकरी जाईल."

"मग न्हाय ठेवनार. पन त्यांनला आधी कळल्यालं बरं. मागनं कळलं तर जास्त वाईट."

यावर मी तिला मुलाखतीचं तंत्र समजावलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

नंतर मी विचार करत बसलो की मला आज कोणी विचारलं तर मी कोणता दोष सांगेन. बराच विचार केला. सुचला नाही. थोडा तापट आहे, बस.

बहमन २४

भांडण. प्रश्न होता, 'आपके शौहर क्या करते हैं?' मी उत्तर दिलं होतं, 'माझे पती शिक्षक आहेत. सध्या रजेवर आहेत.' साधं वाक्य. त्यात खोटं काहीच नाही. तर तिला ते म्हणायचं नाही!

"रजेवर का हाईत म्हनून इचारलं तर?"

"प्रकृतीसाठी म्हण."

"प्रकृतीला काय झालं म्हनून इचारलं तर?"

मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो की साहेब एवढं विचारत नाहीत. आवाज चढला असावा, कारण जलीलमियाँची बायको शरिफाबी भिंतीवरून डोकावली. दिवसभर दोघंही घुम्यासारखी वागलो. पाटीवर फक्त 'ताट वाढले' आलं. तेही ऱ्हस्वदीर्घ बरोबर, त्यामुळे बोलायला निमित्त उरलं नाही.

दुपारी मी दाराकडे पाठ करून पंचांग बघत होतो. सहज वळलो तर ही मागं उभी. किती वेळ होती कोण जाणे. डोळे ओले. म्हटलं, काय झालं? चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, धूर. चूल विझलेली होती. बायकांचं काही समजत नाही. पण राग गेला.

बहमन २८

शरिफाबी रोज तासभर उर्दूची तालीम देते. ती माझ्या तालमीपेक्षा चांगली चालली आहे हे मान्य करायला हरकत नाही. आज दोघी इतक्या हसत होत्या की मला कारण विचारावंसं वाटलं. शरिफाबी म्हणाली की कमल नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणून तिनं स्वतः जलीलमियाँचं नाव घेऊन दाखवायचं ठरवलं, आणि तिच्याही तोंडून 'ज'च्या पुढं काही निघेना! हे तिनं माझ्यासमोर उभी राहून, हातवारे करून सांगितलं. शरिफाबीचं बोलणं मला नेहमी कळतं. जलीलमियाँनी तिच्याकडून शिकावं.

नावाचा प्रश्न मात्र आहे तिथंच आहे. मी रोज विचारतो, ती रोज गप्प राहते. एका शब्दापायी नोकरी जाईल आणि आम्ही भूमला जाऊ. मी तिला आज तसं स्पष्ट म्हणालो. म्हणालो, तुला माझं आयुष्य हवं आहे, पण त्यात मी काय करू तेही सांग. बोलल्यावर वाईट वाटलं.

इस्फंदार ४. उस्मानाबादहून परतल्यावर

आज सगळं लिहिणार आहे, क्रमानं.

सकाळच्या मोटारीनं गेलो. कमलनं हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. आणखी दोन बायका उमेदवार होत्या. पुकारा झाला तेव्हा मला कळलं नाही, कमल उठली म्हणून कळलं. जाताना ती काहीतरी म्हणाली. मी 'हो' म्हटलं. काय म्हणाली ते मला ठाऊक नव्हतं.

दाराला बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा होता, बाजूला चार बोटं फट. आत तिघं. हैदराबादहून आलेल्या एक बाईसाहेब, इथले मोठे साहेब आणि मान खाली घालून लिहिणारा पेशकार. बाईसाहेबांचा चेहरा माझ्याकडे होता, कमलचा बाजूनं दिसत होता. त्यांचे ओठ हलले आणि मला प्रश्न कळला, 'आपकी तारीफ?' कमल लाजली नाही. नीट बोलत होती. मग दौलतखाना. मग शाळा, माहेर, मुलंबाळं. कमलनं मान हलवली, अजून नाही. मग त्यांनी नकाशाकडे हात केला आणि कमलनं चार बोटं मोडून काही सांगितलं. बाईसाहेब खूश दिसल्या. मी सुटकेचा श्वास टाकला.

मग पेशकारानं मान वर न करता काही विचारलं. कमलचे ओठ मिटले.

मला कळलं, तोच प्रश्न. मी बाकाची कड घट्ट धरली. तिनं पदर ओढला. ओठ जरासे हलले. पेशकारानं लेखणी कानाशी नेऊन 'काय?' अशी खूण केली. पुन्हा ओठ हलले. पुन्हा त्यानं मान हलवली.

आणि मग मी ऐकलं.

"उत्तरेश्वर!"

शाळेत हजेरी घेताना मी ओरडायचो तसं, पूर्ण गळ्यानं. मी बाकावरून उठलो, 'जी, हाज़िर!' म्हणालो आणि पडदा सारून सरळ आत गेलो.

तिघंही माझ्याकडे बघत होते. कमलनं जीभ चावली. मोठे साहेब हसायला लागले, बाईसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. रुमाल लावूनच त्यांनी मला काही विचारलं.

मी म्हणालो, "जी, येडशी."

कोणी हसलं नाही. त्यावरून समजलो की चुकलं. तपासणीच्या दिवशी वर्गात अशीच शांतता पसरली होती. तेव्हा मी मिशांना दोष दिला. इथं कोणाला देणार? एका रुमालाला?

कमल दोन पावलं पुढं येऊन माझ्या तोंडासमोर उभी राहिली. घरी राहते तशी. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाईसाहेब इचारत्यात, हिला तुमी शिकवलं का?"

मी म्हणालो, "प्रश्न मी शिकवले. जवाब तिचे तिनं दिले."

बाईसाहेबांनी तिच्यामार्फत आणखी तीन-चार प्रश्न विचारले. किती वर्षं मास्तर होतात, कोणता विषय आवडतो, पाढे कसे शिकवता. कमल समोर उभी राहून सांगायची, एखादा शब्द अडला तर हवेत बोटानं लिहायची. मला सगळं कळलं. एकही उत्तर चुकलं नाही. कितीतरी दिवसांनी मी मास्तरासारखा बोललो.

मग बाईसाहेबांनी रुमाल खाली ठेवला आणि कमलला विचारलं. हे मला त्यांच्या ओठांवर स्वच्छ दिसलं, "इनको सुनाई नहीं देता?"

मी कमलकडे बघितलं. रजेवर आहेत, प्रकृतीसाठी. मी तिला शिकवलेलं वाक्य तेच होतं. तिनं माझ्याकडे तोंड केलं, मला दिसावं म्हणून, आणि मग सांगितलं.

"न्हाय येत. तापात कान गेले. हे कुनाला सांगत न्हाईत, म्हनून म्या बी सांगत न्हवती."

आता मी लिहितो. मला ऐकू येत नाही. पानाचा दोष नव्हता, कोळशाचा नव्हता, मिशांचाही नव्हता. जलीलमियाँ आयुष्यभर पान खात आले आहेत. हे मला आतून ठाऊक नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल.

बाईसाहेब तिला म्हणाल्या, "घर में भी आप ऐसे ही समझाती हैं?" कमल म्हणाली, "जी." त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि मुलाखत संपली.

परतीच्या मोटारीत आम्ही शेजारी बसलो. पाटी घरी राहिली होती. कमलनं माझा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटानं लिहिलं, 'राग आला?'

मी नाही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असणार, कारण पुढची माणसं वळून बघायला लागली. विचारलं, दिशा कशा सांगितल्यास? तर माझ्याकडे तोंड करून म्हणे, "उर्दूत! मशरिक, मग़रिब, जुनूब, शुमाल. बाईसाहेबांनला वाटलं मला लई उर्दू येतं."

इस्फंदार ५

सकाळी शरिफाबी आली. मीच तिला म्हणालो, समोर उभ्या राहून बोला, मला ऐकू येत नाही. शब्द तोंडातून निघाला आणि काही बिघडलं नाही. ती म्हणाली, "माशाल्ला मास्तरसाब, शुकर है. बोले तुम एकबार!"

मी कौतुकानं सांगितलं की काल कमलनं माझं नाव घेतलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

शरिफाबीनं कपाळाला हात लावला. "पैली बार? अजी, ये तो बरसात से रोज लेती. तुमारे पीछे खड़ी रैके लेती. पलटके देखते क्या बोलके. तुम नै पलटते तो मेरे पास आके रोती."

ती गेल्यावर कमलपाशी गेलो. ती ज्वारी निवडत होती. तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, मग मी महिनाभर विचारत होतो तेव्हा का नाही घेतलंस?

"तोंडावर घ्येतलं तर लागतं. पाठीमागं घ्येतल्यालं न्हाय लागत."

"हे कोणी ठरवलं?"

"म्या."

"मग काल?"

"काल तुमी बाहीर हुता. जाताना म्या सांगून गेली हुती, आत येऊ नगा, मला तुमचं नाव घ्यायचंय. तुमी व्हय म्हनला. मग आत आला ही तुमची चूक!"

मला हसू आवरेना. तिलाही. ज्वारी सांडली.

इस्फंदार १९

परवा हुकूम आला. जलीलमियाँनी तो पळत आणून दिला आणि पान थुंकून, माझ्यासमोर उभे राहून, एकेका अक्षराचा खडा टाकत वाचून दाखवला. 'कमलबाई ज़ौजे उत्तरेश्वर, मुअल्लिमा, मदरसा-ए-निस्वाँ, येडशी.' म्हणजे उत्तरेश्वरची बायको कमलबाई, मुलींच्या शाळेची मास्तरीण. मला तो आधीच वाचता आला होता, पण मी त्यांना थांबवलं नाही.

दादांना भूमला पत्र टाकलं की आम्ही येत नाही, तुम्हीच या, हुरडा आहे. उद्या जलीलमियाँच्या सोबतीनं मी उस्मानाबादच्या दवाखान्यात जाणार. डॉक्टर विचारतील ते सगळं खरं सांगणार. मग मास्तरकी मिळाली तर मिळाली. नाहीतर कमल म्हणते की वह्या तपासायला कान लागत नाहीत.

कमलला म्हणालो, आता एकदा समोर घे ना नाव. साफ नाही म्हणाली. कान गेले तेवढे पुरेत, बाकीचा माणूस तिला धड पाहिजे आहे. बरं, मग पाठीमागं तरी घेशील का? तिनं पाटीवर लिहिलं, 'तुम्हाला काय कळणार?' मी म्हणालो, कळायला कशाला पाहिजे, तू घेतलंस म्हणजे झालं.

म्हणून आत्ता मी दाराकडे पाठ करून लिहितो आहे. सकाळचं ऊन आहे, तिची शाळेत जायची वेळ झाली आहे, आणि वहीवर तिची सावली पडली आहे. हलत नाही. मी वळणार नाही.

घेतलं असावं.